जाहिराती नसलेला ब्राउझर

ती केस आठवली की आजही मला स्वतःचाच राग येतो. रॉटरडॅम पोलिसांत माझी शेवटची दोन वर्षं उरली होती. मराठी येणारा अधिकारी म्हणून शेजारच्या कापेल गावातली ती तक्रार माझ्याकडे आली.

तक्रारदार बाई आयटीतली, चार महिन्यांच्या बाळाची आई. बाळाला पाजतानाचे तिचे फोटो एका घाणेरड्या साइटवर पडले होते. हार्लेमच्या मैत्रिणीने फोन करून सांगितलं, तेव्हा तिला कळलं. ते फोटो दोनच फोनमध्ये होते, तिच्या आणि नवऱ्याच्या. बाळाला सांभाळायला पुण्याहून आलेली तिची आई सोबत होती. लेकीआधी तीच बोलली, "साहेब, जावयाचंच काम आहे हे. दिसायला गरीब गाय, पण पोटातलं कुणाला कळतं?"

अशा प्रकरणांत बहुतेकदा घरातलाच माणूस निघतो, हा माझा अनुभव. नवऱ्याला घरातून ताब्यात घेतलं, फोन जप्त केला. बाईचा फोन मात्र न तपासताच परत दिला. बाळाच्या लशींच्या तारखा, हाउसआर्ट्सचे म्हणजे डॉक्टरांचे निरोप, सगळं त्यात होतं. मला दया आली आणि तिथेच तपास चुकला.

वकिलासमोर तो एवढंच म्हणत राहिला, "सर, मी का करीन? माझी बायको आहे ती." दोन दिवस मी त्याला फिरवून फिरवून तेच विचारलं. त्याच्या फोनमध्ये काही सापडलं नाही, तर पुसलं असेल असं धरून चाललो.

तिसऱ्या दिवशी पुरवणी जबाब घ्यायला घरी गेलो. बाळ किरकिरत होतं. आजीने लेकीचा फोन उचलला, मालिका लावली आणि कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत ती बघत बाळाला थोपटायला लागली. मालिका ज्या ब्राउझरमध्ये चालू होती, त्याचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

"मावशी, हा कुठून घेतलात?"

"मुलांकडे इथे आलेल्या आमच्यासारख्या आईबाबांचा ग्रुप आहे ना, त्यात एका काकांनी फाइल पाठवली. ती मी हिच्या फोनवर घेतली. जाहिराती नाहीत, व्हिडिओ डाउनलोडही होतो."

"टाकताना फोनने काही विचारलं नाही?"

"विचारलं की. फोटो, कॅमेरा, काय काय. मी सगळ्याला हो म्हटलं. आपल्याच माणसाने पाठवलंय, त्यात काय बघायचं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. फोन त्याच दिवशी तपासला. तो ब्राउझर फोनमधले फोटो गुपचूप बाहेर पाठवत होता. काकांना फाइल दुसऱ्याच ग्रुपमधून आलेली. बनवणारा शेवटपर्यंत सापडला नाही आणि पसरलेले फोटोही परत आले नाहीत. आजी जमिनीवर बसली. "माझ्या हाताने लेकीची अब्रू घालवली मी," एवढंच म्हणाली.

लोक मला विचारतात, ब्राउझर कोणता घ्यावा? फोनच्या अधिकृत स्टोअरमधूनच घ्या. कोणी बनवलाय, काय मागतोय ते बघा. व्हिडिओ दाखवायला त्याला तुमचे फोटो लागत नाहीत. आणि पाठवणारा सख्खा असला तरी फाइल त्याची नसते.

पण ही केस मला शिकवून गेली ते वेगळंच. त्याला सोडलं तेव्हा बायको बाळाला घेऊन पोलीस ठाण्याच्या दारात उभी होती. त्याने बाळाचा पापा घेतला आणि तिला विचारलं, "तुलाही मीच वाटलो?" ती बाळाचं टोपडं सारखं करत राहिली. तो मेट्रोकडे एकटाच चालत गेला. तिच्या मनात नुसती शंका होती. मी त्याला तिच्यादेखत घेऊन गेलो, आणि तिची खात्री झाली.