मिठाच्या पाण्यातलं भाताचं बी

डोळखांबच्या वरच्या अंगाला आमचा पाडा. मालक वारून दोन वरसं झाली होती. घरात मी नि माझी पोरगी, दोघीच. पोरगी सातवीत गेली होती. मी दुसरीतच शाळा सोडलेली.

त्या साली पेरणी जवळ आली नि मी भाताचं बी काढलं. दोन डबे होतं. तेवढंच, त्याच्यावर आमचं वरीस.

पोरगी बोलली, "आये, एक अंडं दे."

"खायला?"

"नाय गो. फोडत पण नाय. बघ तरी."

तिनं टोपात पाणी घेतलं नि अंडं सोडलं. ते तळाला गेलं. मंग ती खडं मीठ टाकत गेली नि ढवळत गेली. टाकता टाकता अंडं वर आलं, डोकं काढून तरंगायला लागलं. सुट्टीच्या आधी बाईंनी शाळेत करून दाखवलं होतं. ह्या पाण्यात बी टाकलं का पोल दाणा वर येतो, भरलेला खाली बसतो. खालचाच पेरायचा.

मी सुपानं पाखडलेलं बी ते. तरी एक डबा टाकला तर दोन मुठी पोल वर आला. मला पटलं. तो काढून कोंबड्यांना टाकला. पोरगी गेली लाकडांना.

आमच्यात बी रातभर भिजत घालतात, मंग गोणपाटात बांधून उबेला ठेवतात. मोड आले का पेरायचं. मी मनाशी बोलली, मिठाच्या पाण्यात तर हायेच, राहू दे तसंच. सकाळी निथळलं नि बांधलं.

तिसऱ्या दिवशी सोडलं तर एकाला मोड नाय. चौथ्या दिवशी पण नाय. पाचव्या दिवशी वास यायला लागला.

शेजारी माझी मोठी जाऊ. ती बोलली, "कालवणात घालायचं मीठ बियाण्यात घातलंस. घे आता, शाळेतून भात आण."

मी पोरीला दोन धपाटे घातले. ती रडली नाय. तिनं दुसऱ्या डब्यातले थोडे दाणे घेतले नि दोन फडक्यांत बांधले. एका फडक्यातले मिठाच्या पाण्यातून काढून लगेच धुतलेले, दुसऱ्यातले माझ्यासारखे रातभर मिठात ठेवलेले. दोन्ही चुलीजवळ ठेवले.

चार दिवसांनी फडकी सोडली. धुतलेल्याला पांढरे मोड आले होते. दुसरे होते तसेच.

"आये, बाईंनी पण धुतले होते. मी सांगायला इसरली."

"तू इसरलीस. पण रातभर मीच ठेवलं."

दुसरा डबा आमी मिठाच्या पाण्यातून काढला नि तीन पाण्यांनी धुतला. तो सगळा उगवला, पण अर्ध्याच शेताला पुरला. लावणीला जाऊ आली. उरलेलं शेत बघून बोलली, "पोरीनं घालवलं गो तुझं."

मी बोलली, "वयनी, तिनं नाय, मी घालवलं."

ती खाली वाकून लावायला लागली.

होळीच्या आधीच घरातलं भात संपलं. मी वाशिंदकडं वीटभट्टीवर गेली. एकटीच गेली. पोरीची शाळा चालू होती, तिला जावेकडं ठेवली.