पेन्सिल उचलली की बाद

परातेकाका असेपर्यंत नागपूरच्या महाल भागातल्या त्यांच्या घरी चहा कधी एकटा आला नाही. कपाशेजारी अर्धवट सोडवलेलं सुडोकू आणि टोक काढलेली पेन्सिल यायचीच. काकांच्या स्पर्धेला मदत करायला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बोलता बोलता पेन्सिल उचलली आणि एका रिकाम्या घरात चार लिहिला. काकांनी असं पाहिलं, की मला वाटलं चुकलंच.

"बरोबर हाये," ते म्हणाले. "म्हणूनच तू बाद. तू खुर्च्या लावजो."

काका विणकरांच्या घरातले, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. देशभर होणाऱ्या सुडोकू स्पर्धेचं नागपूर केंद्र ते चालवायचे. पहिल्याच वर्षी केंद्राची फजिती झाली होती. पर्यवेक्षक नेमले ते सगळे कोडीवेडे; ते स्पर्धकांच्या खांद्यावरून वाकून स्वतःच कोडी सोडवू लागले. आमच्या गावात अडलेला माणूस कोणाला पाहवतो का! एकाने तर एका मुलीला सरळ सांगितलं, "अवं, थो नऊ काहून लिवला? खोड!" तक्रारी दिल्लीला गेल्या आणि तिथून तंबी आली: आणखी एक तक्रार आली की केंद्र बंद, मग नागपूरकरांनी मुंबई गाठावी. तेव्हापासून कोड्याचा नाद असलेल्या माणसाला पर्यवेक्षक म्हणून हॉलमध्ये पाऊल टाकायची बंदी, आणि चहाबरोबरची पेन्सिल ही त्याचीच परीक्षा.

"सोडवणारे गल्लोगल्ली हायेत गा," काका म्हणायचे. "न सोडवता उभा राहणारा दाखव."

नियम त्यांना स्वतःलाही लागू. स्पर्धा सुरू झाली की आमचे केंद्रप्रमुख दाराबाहेर, हॉलकडे पाठ करून बसायचे. आत पर्यवेक्षक म्हणून राज्य काकूंचं. घरी काकू टीपॉयशेजारी बसून लसूण सोलायच्या, पण पेन्सिलीला कधी शिवल्या नाहीत. "मले नाही कळत थे आकडे," म्हणायच्या. "अख्ख्या विदर्भात असं माणूस नाही," असं काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

स्पर्धा वाढवायची काकांना भारी हौस. बुटीबोरीला कारखान्यांच्या गेटवर उभं राहून त्यांनी पत्रकं वाटली. शहराबाहेरच्या वाडी गावी ट्रकवाल्यांच्या टपरीवर तर मलाही ओढून नेलं. तिथे बंडू नावाच्या ड्रायव्हरने विचारलं, "जिंकलं तं काय भेटते?"

"फायनलसाठी दिल्लीले जायचं तिकीट!" काका ऐटीत म्हणाले.

"काका, मी आत्ताच दिल्लीहून येऊन राहिलो. अन् परवा परत चाललो."

टपरी हसली.

मग एका वर्षी, स्पर्धेच्या आदल्या दिवशी, तपासणीला दिल्लीचे निरीक्षक आले. काकांनी त्यांना घरी तर्री-पोह्याला बोलावलं आणि सवयीने टीपॉयवर कोडंही ठेवलं. मी डोळ्यांनी खुणावून खुणावून थकलो, पण काकांचं लक्ष कुठे! निरीक्षकांनी एका हाताने पोहे खात दुसऱ्या हाताने पेन्सिल उचलली.

"साहेब, आप बाद," काका म्हणाले.

ज्याच्या शेऱ्यावर केंद्र जगणार की मरणार, त्यालाच हॉलबाहेर! निरीक्षक लालबुंद झाले. तर्रीने की रागाने, देव जाणे. त्याच तिरमिरीत त्यांनी एका घरात सात लिहून टाकला.

"भैया, सात वहाँ नहीं बैठेंगा," काकू तर्री वाढता वाढता म्हणाल्या. "ऊपर के कोने में देखो."

काकांनी तो कोपरा पाहिला, मग काकूंकडे पाहिलं.

"काहून वं, तुले येते?"

"पहिल्यापासून येते. लसूण सोलता सोलता मनातच होऊन जाते."

"मंग बोलली काहून नाही?"

"बोलली असती तं आत कोण उभं राहिलं असतं? तुमचं सेंटर कधीच गेलं असतं."

काकांचे डोळे भरून आले. मी समोरच बसलो होतो. पण माणूस वस्ताद. नाक ओढलं आणि म्हणाले, "तू पण बाद."

निरीक्षक पोट धरून हसले. हसणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "तो कल अंदर कौन रहेगा?"

काकांनी मला स्कूटरवर बसवलं आणि थेट वाडी गाठली. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये बंडू आणि त्याचे दोस्त पर्यवेक्षक! कोड्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, पण शेजाऱ्याच्या कागदाकडे कोणाची मान वळली की लगेच हाळी: "ओ भाऊ, आपल्या लेनमध्ये!" एकही तक्रार झाली नाही. केंद्र वाचलं. काका आणि निरीक्षक दोघेही दाराबाहेर, हॉलकडे पाठ करून, शेंगदाणे खात बसले होते.

बाद झालेल्या काकूंचं नाव निरीक्षकांनीच स्पर्धेत घातलं होतं. कोडी दिल्लीहून सीलबंद यायची, त्यामुळे कोणाला बोलायला जागा नव्हती. काकू पहिल्या आल्या.

दिल्लीचं तिकीट एकच होतं. स्टेशनवर काका खिडकीला धरून सूचनांवर सूचना देत होते. "तिथं कोणाले सांगत बसू नको, सात कुठं बसते थे."

"तुम्ही जेवून घेत जा," काकू म्हणाल्या. गाडी सुटली.

मी काकांबरोबर घरी आलो. त्यांनी स्वतः चहा केला, नुसता साखरेचा पाक. टीपॉयवर अर्धवट कोडं होतं, शेजारी पेन्सिल. मी आता शहाणा झालो होतो. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो. काकांनी पेन्सिल हळूच माझ्यापुढे सरकवली.

"घे नं गा," म्हणाले. "आज घरात मनातल्या मनात सोडवणारं कोणी नाही."