हप्त्यात मिळवलेली सूट

घासाघीस केल्याशिवाय मी कोथिंबिरीची जुडीही घेत नाही. जुनी मारुती घेतली तेव्हा विम्याच्या एजंटलाही सोडलं नाही. बाजारात करतो तसं दोनदा उठून त्याच्या दारापर्यंत गेलो. शेवटी तो म्हणाला, "बसा साहेब, हप्ता कमी करून देतो. पण मंग अपघात झाला तं पहिले पाच हजार तुमचे. कंपनी त्याच्या वरचं देईल."

मी 'हप्ता कमी' एवढंच ऐकलं आणि सही ठोकली. चारशे रुपये वाचले. आठवडाभर कॉलेजातल्या मास्तर मंडळींना हा पराक्रम ऐकवला. बायकोला मात्र सांगितला नाही. ती प्रश्न विचारते.

त्याच वर्षी अंबडहून जालन्याला परतताना, दिवेलागणीला, रस्त्यात उभ्या उसाच्या ट्रॉलीवर मी गाडी घातली. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. मला खरचटलंही नाही, पण रेडिएटर, बंपर आणि पुढचे दोन्ही दिवे गेले. ट्रॉलीवाल्याला मनसोक्त शिव्या घातल्या आणि घरी येऊन ऐटीत म्हणालो, "काळजी करू नको, विमा आहे."

गॅरेजचं बिल साडेसहा हजार झालं. त्यातले पहिले पाच हजार माझे. उरलेल्या दीड हजारातूनही कंपनीनं प्लास्टिकच्या भागांच्या झिजेपोटी थोडे कापले. मी एजंटवर ओरडलो. त्यानं कागद पुढे सरकवला. "साहेब, मी सांगितल्तं की तुम्हाला." सही माझीच होती.

घरात एवढी रक्कम एकाच ठिकाणी होती. बायकोनं दोन वर्षं शिकवण्या घेऊन ती बी.एड.च्या फीसाठी साठवली होती, आणि फी भरायला चार दिवस उरले होते. मी बसनं जाईन, गाडी राहू दे, असं म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. तिनं पैसे आणून हातात दिले. लाज वाटली, तरी घेतले.

गाडी दारात आली तोवर प्रवेशाची मुदत संपली होती. विमा असून आपले पैसे का गेले, हे तिनं तेव्हा विचारलं. मी सगळं सांगितलं.

"हप्ता किती कमी झाल्ता?"

"चारशे."

तिनं गाडीच्या नव्या दिव्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "मला विचारलं असतं तं चारशे मीच दिले असते."