तार धरणारा दस्तगीर

सकाळी दाढी करत होतो, अर्धा गाल साबणात, तेवढ्यात रहिमतपूरहून जैबुनभाभींचा फोन आला. "गुरुजी, पहाटे नमाजाला उठले, वजू करायला बसले, आन तिथंच..." त्यांचा नवरा, माझा साथीदार दस्तगीर, गेला होता. साताऱ्याहून रहिमतपूर ते किती लांब? पण कुठल्या तोंडानं जायचं, या विचारात मी दुपार केली आणि पोहोचलो तेव्हा माती देऊन माणसं परत फिरली होती. दस्तगीरच्या बाबतीत मी कायम उशीरच केला. आता दोन महिने झालेत, तेव्हा सगळं सांगूनच टाकतो.

दस्तगीर पत्र्याचं काम करायचा. बादल्या, चाळण्या, धान्याच्या कोठ्या. मी शाळामास्तर, शाहिरीचा नाद असलेला. माझ्या डफाचं कडं निखळलं म्हणून त्याच्या दुकानात गेलो, आणि कडं बसवून झाल्यावर त्यानं डफावर अशी थाप मारली की मी तिथंच फतकल मारून बसलो. पुढं बारा वर्षं मी गायचो आणि तो साथीला तुणतुणं धरायचा. स्वतः मात्र कधी गायला नाही. "आपला आवाज पत्र्याचा, गुरुजी," म्हणायचा.

सैनिकांचं ते गाणं आम्हाला मिळालं माण भागात, म्हसवडच्या पलीकडं, एका वस्तीवर. सोनाबाई, ऐंशीच्या पुढची बाई. तिचा आजा पहिल्या महायुद्धात इराकात, बसऱ्याकडं गेला तो गेलाच. ना माती मिळाली, ना फोटो. लढाईतून जिवंत परत आलेल्या कुणा एका सोबत्यानं त्यांचं तिकडचं गाणं गावात आणलं, बायकांनी ते जात्यावर धरलं आणि आजीच्या तोंडून ते सोनाबाईकडं आलं. 'बिस्किटाचा डबा, त्याला तार फोनाची, बसऱ्याच्या वाळूत याद येते माणची.' शेवटी नऊ नावं, परत न आलेल्यांची. सोनाबाईनं रीतही सांगितली. नाव आलं की तुणतुणं वाजवणाऱ्यानं तार मुठीत धरायची, एका श्वासापुरती. नाव मुक्यानं जायला पाहिजे. आठवं नाव तिच्या आज्याचं, ज्ञानू. "जात्यावर तार कुटली आली? आमी नुसतं जातं थांबवायचो," ती म्हणाली. "येकदा तारंवर ऐकायचंय मला."

माझ्याकडं शिसवी तुणतुणं होतं, गोड आवाजाचं. दस्तगीरनं ते हातात घेतलं आणि परत दिलं. "हे लगनातलं हाय, गुरुजी. ती मानसं मरत हुती." मग भंगारातून त्यानं बिस्किटाचा जुना डबा शोधला, त्याला बकऱ्याचं कातडं ताणलं, पोलादी तार लावली. कथील वितळवून डाक दिला असता तर दिवसाचं काम, पण नाही. "लढाईत डाक द्याया कोन बसलं हुतं?" खिळे आणि सुतळीवर तीन आठवडे झटला. आवाज कसा? पत्र्यावर नख ओढल्यासारखा. मला तो शेवटपर्यंत आवडला नाही, आणि हे मी त्याला चारचौघांत ऐकवलंही.

साताऱ्यात कार्यक्रम ठरला. आम्हाला बारा मिनिटं दिली होती. सोनाबाई नातसुनेला घेऊन म्हसवडहून एसटीनं आली, तिसऱ्या रांगेत बसली, डोईवरचा पदर नीट करून. गाणं रंगलं. तिसऱ्या नावानंतर समोरची माणसं चुळबुळायला लागली, कुणीतरी मोबाइल काढला. आणि मी... मी सहा नावं गाळली आणि सरळ शेवटचं चढं पालुपद घेतलं. दस्तगीरनं चौथ्या नावासाठी तार धरली होती. ती त्यानं सोडलीच नाही. मी वरच्या पट्टीत गातोय आणि हा मुका डबा घेऊन बसलाय. लोकांना वाटलं, वाद्य बिघडलं. टाळ्या मात्र दणकून पडल्या.

बाहेर सोनाबाईनं विचारलं, "आवं गुरुजी, आमच्या आज्याचं नाव न्हाई आलं?" मी म्हणालो, "आजी, कार्यक्रमाला वेळेचं बंधन असतं." असंच म्हणालो, मास्तरी आवाजात. ती "बरं" म्हणाली आणि चपला शोधायला लागली.

स्टँडवर दस्तगीर एवढंच बोलला, "एका नावाला एक श्वास लागतो, गुरुजी. शंभर वर्सं थांबली ती मानसं." मग म्हणाला, वस्तीवर जाऊन पूर्ण गाणं म्हणून येऊ. मी हो म्हणालो आणि टाळत राहिलो. ऊन फार आहे, घरात लग्न आहे, पाठ धरलीय. खरं कारण, त्या बाईसमोर बसायची लाज. एका सकाळी तो डब्याची पिशवी घेऊन माझ्या दारातच उभा राहिला. "आज जाऊया. मला दम लागतोय अलीकडं." मी म्हणालो, आज पाहुणे यायचेत. पाहुणे कसले, कोणी येणार नव्हतं. "बरं," म्हणाला आणि पायऱ्या उतरला. तीच आमची शेवटची भेट.

चाळिसाव्याला जैबुनभाभींनी डबा माझ्या हातात दिला. "तुमचाच हाय म्हनायचे." दुसऱ्या दिवशी मी म्हसवडची गाडी धरली.

सोनाबाई ओट्यावर मटकी निवडत होती. डबा पाहिला आणि म्हणाली, "घसा बरा झाला का गुरुजी?"

मला उमजेना. तिनं सांगितलं, दस्तगीर आला होता, एकटाच. दिवस जुळवला, तर माझ्या दारातून निघाला तो घरी न जाता इकडंच आला होता. "म्हनले, गुरुजींचा त्या दिशी घसाच बसला, नावं निघंनात, म्हनून ऱ्हायली. लय वाईट वाटतंय त्येंला, पर येतील. मी म्हनलं, तुमीच म्हना की. तर न्हाई. गुरुजींच्याच तोंडून आयका म्हनले. च्या घेतला आन गेले. धाप लय लागत हुती."

तो गेल्याचं मी सांगितलं. तिनं मटकीतली बोटं बाहेर काढली. मग सूप बाजूला सारलं, डबा मांडीवर घेतला आणि म्हणाली, "म्हना." मी गाणं म्हणायला लागलो. वाजवायला कोणी नव्हतं, तीच आपली एका बोटानं तार छेडत होती. नऊच्या नऊ नावं घेतली, प्रत्येकाला तिनं तार मुठीत धरली. ज्ञानूच्या नावाला तिचे डोळे मिटलेले होते. नववं झालं तरी तिनं मूठ उघडली नाही.

"आन त्येंचं?" ती म्हणाली.

मी श्वास घेतला. दस्तगीरचं नाव... घशातून आवाज निघेना. माझ्यासाठी तो जे खोटं बोलून गेला होता, ते त्या ओट्यावर खरं झालं. सोनाबाई डब्याची तार धरून माझ्या तोंडाकडं बघत बसून राहिली.