शुक्रवारचा विस्तव

आमच्या अक्कानं शुक्रवारी कधी कोणाला विस्तव दिला नाही. तो लक्ष्मीचा वार. घरातला विस्तव बाहेर गेला की लक्ष्मीही जाते, असं ती मानायची. इतर वारी मात्र गोवरीवर निखारा ठेवून स्वतः नेऊन द्यायची.

अक्का मूळची मुडबीची. विधवा झाल्यावर गुलबर्ग्यात आम्हा कॉलेजच्या पोरांची खानावळ चालवायची. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं, त्यामुळे शहरात कसं वागावं हे मी तिलाच विचारत असे. तिला शहर कितपत कळत होतं, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

धुरानं तिचे डोळे जायला लागले. चूल सोडा, नाहीतर दृष्टी जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. चूल सोडायची म्हणजे खानावळ बंद करून मुडबीला भावजयीच्या हाताखाली राहायचं. "आंधळी झाले तर निदान भावजय दिसणार न्हाई," एवढंच अक्का म्हणाली.

तेव्हा बदली होऊन निघालेल्या एका अंमलदाराची विजेची शेगडी आम्ही पोरांनी मिळून घेतली. बिजलीचा मिस्त्री आला. शेगडीला दिव्याची बारीक तार चालणार नाही, खांबापासून जाड तार ओढावी लागेल, म्हणाला. शेजारी शिवणकाम करणाऱ्या खालाबीलाही दिवा हवा होता. मीटर आणि मोठा खटका अक्काच्या भिंतीवर बसवायचा आणि तिथून तार खालाबीकडे न्यायची, असं ठरत आलं.

"म्हंजे माझ्या घरातनं तिच्याकडं विस्तव जाणार?" अक्कानं विचारलं.

"विस्तव न्हाई अक्का, बिजली," मिस्त्री म्हणाला.

"तिच्यावर भाकर भाजती का न्हाई?"

"भाजती."

"मग विस्तवच की. शुक्रवारी काय करावं?"

शुक्रवारी खटका बंद ठेवा, असं मिस्त्रीनं सुचवलं. खालाबी दारातच उभी होती. शुक्रवार, म्हणजे जुम्मा, तिचाही मोठा वार. अक्कानं एकदा तिच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "आधी तिच्याकडं न्या. तिथनं माझ्याकडं आणा. घ्यायला कुठला वार आडवा येत न्हाई."

"मला द्यायला बी येत न्हाई," खालाबी म्हणाली.

मीटर खालाबीच्या भिंतीवर लागलं. तार जास्त लागली, मिस्त्री कुरकुरला. अक्काचे डोळे हळूहळू निवळले. भाकरी सुरुवातीला एका अंगानं कच्च्या राहायच्या, त्या आम्ही तशाच खायचो.

अठ्ठेचाळीसच्या पोलीस कारवाईच्या गडबडीत खालाबी घराला कुलूप लावून हैदराबादला लेकीकडे गेली. जाताना खटका चालू ठेवून गेली. शेगडी बंद घरातून येणाऱ्या बिजलीवर तापत राहिली. काही आठवड्यांनी मिस्त्री सांगत आला की रिकाम्या घराची तार तोडायचा हुकूम आहे. मीटर अक्काच्या भिंतीवर हलवलं तर शेगडी वाचेल. आम्ही सगळे लगेच हो म्हणालो. अक्का नको म्हणाली.

"अक्का, डोळ्यांचं काय?" मी विचारलं.

"अन् ती आल्यावर? शुक्रवारी तिला अंधारात बसवू का?"

दुपारी तार तुटली. अक्कानं चूल सारवली आणि मला बाभळीची वाळलेली लाकडं बघून आणायला सांगितली. त्यांना धूर कमी असतो, म्हणाली.