मोहनदादांचे सोपे प्रश्न

मोहनदादा गेल्याचा वहिनींचा मेसेज आला तेव्हा मी पाया लेबार स्टेशनवर एमआरटीची, म्हणजे इथल्या मेट्रोची वाट बघत होतो. वाचून आधी मनात आलं ते दुःख नव्हतं. या शनिवारीही आपण गेलो नाही, हे आलं...

मी सिंगापूरला नवा होतो तेव्हा ऑफिसात ते माझ्या शेजारी बसायचे. कर्मचाऱ्यांच्या ट्रेनिंगची, जावा प्रोग्रामिंगमध्ये लिहिलेली सिस्टिम आमच्याकडे होती. एका माणसाचे अनेक कोर्स, एका कोर्सला अनेक माणसं आणि दोन्ही जोडणारं मधलं टेबल, म्हणजे कोण कुठल्या कोर्सला आहे याची यादी. नोकरी सोडून गेलेल्या एका बाईंचं नाव मी सिस्टिममधून काढून टाकलं, तर त्यांचे सगळे कोर्सच उडाले. बाकीचे लोक अजून त्यात शिकत होते. मी दादांना हाक मारली. दादांनी कोडमधला कॅस्केड दाखवला, म्हणजे एक पुसलं की त्याला जोडलेलं सगळं पुसून टाकणारी सेटिंग. म्हणाले, "माणूस गेला की त्याची जोडणी तेवढी काढायची. कोर्स इतरांचेही असतात." बॅकअपमधून सगळं परत येईपर्यंत ते जागचे हलले नाहीत. नंतर माझ्याकडून कोपी, म्हणजे इथली कॉफी उकळली, ती वेगळी.

पुढे त्यांची नोकरी गेली. आंग मो किओ भागातल्या आपल्या फ्लॅटमधून ते छोटी कामं करू लागले आणि मला त्यांचे मेसेज येऊ लागले. एकदा विचारलं, माणूस डिलीट केला की कोर्सही जातायत, शनिवारी येऊन बघशील का? आमच्या धंद्यात प्रश्न आला की उत्तर द्यायचं आणि तो बंद करायचा. मी मीटिंगमध्ये बसूनच लिहिलं, 'कॅस्केड काढा.' दादांना आपण शिकवतोय म्हणून जरा सुखावलोही. हे त्यांनीच मला शिकवलं होतं, हे तेव्हा आठवलं नाही असं नाही. आठवलं होतं. वय झालं असेल, म्हणून सोडून दिलं. त्यांचा अंगठ्याचा इमोजी आला. मग पुढच्या आठवड्यात नवा प्रश्न, त्याहून सोपा...

दिवस झाल्यावर वहिनींना भेटायला गेलो. त्यांच्या कॉम्प्युटरपुढे दोन खुर्च्या होत्या, एक त्यांची आणि एक जेवणाच्या टेबलाची. कुणी मदतीला यायचं का, मी विचारलं.

"ती खुर्ची तुझ्यासाठी आणून ठेवायचे, दर शनिवारी," वहिनी म्हणाल्या. "नुसतं ये म्हटलं तर तू कामात असशील, अडलंय म्हटलं तर येशील, असं म्हणायचे."

माझी सगळी उत्तरं बरोबर होती. त्याचीच आता लाज वाटते. वहिनींनी चहा आणला आणि बस म्हणाल्या. मला त्या खुर्चीवर बसवेना. मी उभ्यानेच चहा प्यायलो.