चाफा कुठपर्यंत आला?

फोनवर सुधाकरभाऊंचं नाव दिसलं, म्हणून मी ‘हॅलो’ न म्हणताच सांगून टाकलं, “आज गेटपर्यंतच आहे. हवा पडली आहे.” पण पलीकडून त्यांच्या पत्नीचा, शोभावहिनींचा आवाज आला. “भाऊजी, हे गेले जी. चहा ठेवला, उठवाले गेली, तर...”

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. सुधाकरभाऊ माझ्या पत्नीचे, मंगलाचे थोरले बंधू. अमरावतीला शाळेत इतिहास शिकवायचे आणि निवृत्तीनंतरही प्रश्न विचारायचे थांबले नव्हते. आम्ही अकोल्यात राहतो. आमच्या अंगणातला सोनचाफा फुलला, की रोज सकाळी त्यांचा फोन ठरलेला आणि प्रश्नही ठरलेला : “चाफा कुठपर्यंत आला?” म्हणजे वास कुठपर्यंत आला. असं विचारायची वेळ त्यांच्यावर का आली, ते आधी सांगायला हवं.

हे झाड आमच्याकडे आलं ते एका शब्दाच्या घोटाळ्यातून. घर बांधून झालं तेव्हा मी त्यांना फोनवर म्हटलं होतं, “येताना चाफ्याची एक फांदी आणा.” माझ्या डोक्यात पांढरा चाफा होता. त्याची काडी खोचली, की काम झालं. अकोल्याच्या उन्हाळ्यातही तो तक्रार करत नाही. सुधाकरभाऊ आले ते दुधाच्या पिशवीत आंब्यासारख्या पानांचं वीतभर रोप घेऊन. चिखलदऱ्याला एका बंगल्याच्या आवारात झाडाखाली लाल गर असलेल्या बिया पडल्या होत्या. त्या धुऊन, लगेच पेरून त्यांनी ते वाढवलं होतं. मी म्हटलं, “हा चाफा नाही.” ते भडकले. “हाच चाफा हाय! तुमचा तो पांढरा फक्त आडनावबंधू. आडनाव एक असलं म्हनून काय सोयरीक होते का जी, जवाईबुवा?”

मग तिथेच, हातपाय धुवायच्या आधी, त्यांनी शिकवणी घेतली. पांढऱ्या चाफ्याचं पान तोडलं की चीक निघतो. सोनचाफ्याला चीक नसतो, पण पान जिथून फुटलं तिथे फांदीभोवती बारीक गोल वळ उमटतो, मनगटातल्या बांगडीसारखा. कवठी चाफ्याला तसाच वळ असतो. परदेशातल्या बागांतली मोठाल्या पांढऱ्या फुलांची मॅग्नोलिया त्यांच्याच घरातली. नागचाफा, हिरवा चाफा, पांढरा चाफा हे तिघे तिऱ्हाईत. “चाफा हे नाव लोकायनं वासावरून वाटलं,” ते म्हणाले, “खानदान मात्र बांगडीवरून ओळखाचं.” त्यानंतर ते कुठेही गेले तरी फांद्यांना बोट लावून वळ चाचपत. एका लग्नात मांडवाच्या दाराशी लावलेल्या डहाळ्यासुद्धा त्यांनी तपासल्या होत्या.

आमच्या काळ्या मातीत पाणी साचतं, म्हणून त्यांनी खोल खड्डा करून घेतला आणि त्यात मुरूम, शेणखत भरवलं. उन्हाळ्यात मंगला रोपावर ओलं पोतं बांधायची. झाड वाढलं, पण फुलेना. बियांचं झाड सावकाश येतं, हे त्यांनी मला आधी सांगितलं नव्हतं. मी विचारल्यावर सांगितलं. चिखलदऱ्याला ते गेले तेव्हा बहर संपलेला होता. त्यामुळे फूल फिकं निघेल की गर्द केशरी, वास कसा असेल, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. “थांबा नं बापा,” म्हणायचे, “एवढी उत्सुकता मले परीक्षेच्या निकालाची नव्हती.”

निकाल लागला तो आठव्या वर्षी. पण त्याच्या आदल्याच वर्षी कोरोनाच्या तापात सुधाकरभाऊंना वास येणं बंद झालं होतं. बरे झाले, चव थोडीफार आली, वास आला नाही. आम्ही कळवलं तसे ते मिळेल त्या गाडीने आले. केशरी फूल ओंजळीत धरलं, डोळे मिटले, खोल श्वास घेतला, पुन्हा घेतला... आणि फूल माझ्या हातात देत म्हणाले, “रंग पाहिला. आता वास कसा हाय, ते तुमी सांगा.”

“चांगला आहे,” मी म्हणालो.

“चांगला? चष्म्याचा नंबर विचारला तर ‘चांगला’ म्हनून सांगता का? कशासारखा, ते सांगा!”

मंगला म्हणाली, “आईच्या ट्रंकेसारखा, भाऊ.” ते म्हणाले, “ट्रंकेत डांबराच्या गोळ्या होत्या.” शेजारच्यांनी पिकलेलं केळं सांगितलं. तेही त्यांनी बाद केलं. मला तर काहीच सुचेना. माझं आयुष्य आकड्यांत गेलेलं. मी पाकळ्या मोजून सांगितल्या : एका फुलात बारा, दुसऱ्यात पंधरा. खाली निदलं आणि वर पाकळ्या असा भेद या फुलात नाही आणि मधमाश्यांचा पत्ता नव्हता तेव्हापासून भुंगेरे या घराण्याची सेवा करतात, हे त्यांनी मला सांगितलं. पण त्याने त्यांचं समाधान होत नव्हतं. आठ वर्षं ज्याची वाट पाहिली, ते दारात उभं होतं आणि त्यांना आत जाता येत नव्हतं.

शेवटी मला जमेल तेच मी केलं. “कसा ते सांगता येत नाही, पण किती ते सांगतो,” म्हटलं. त्यांना झाडाखाली उभं केलं आणि झाडाकडे पाठ करून गल्लीत चालत निघालो. “आहे... आहे... अजून आहे...” विजेच्या खांबापाशी म्हणालो, “गेला.” समोरच्या ओट्यावरच्या बाई विचारू लागल्या, काय हरवलं म्हणून. सुधाकरभाऊ मात्र टाळी वाजवून ओरडले, “हे कामाचं सांगितलं!” तेव्हापासून तो फोन सुरू झाला. ऊन तापलं की गेटच्या आत, सकाळी गारवा असला की खांब, वाऱ्याची दिशा जुळली की थेट किराणा दुकान. प्रत्येक उत्तरावर त्यांचा पुढचा प्रश्न तयार असे : “काऊन?” आज गेटपर्यंतच का, काल खांबापर्यंत का?

शेवटचे आले तेव्हा आम्ही तसेच निघालो. या वेळी तेही माझ्या मागे चालत होते. खांबाच्या थोडं अलीकडे, मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, “गेला ना?” मी चमकलो. “तुम्हाला आला?” ते हसले. “मले काईच येऊन नाई राहिलं. तुमची चाल हळू झाली, मानसाची काही हातचं सुटल्यावर होते तशी.”

जाताना ते नेहमी चौकड्यांचा निळा रुमाल नळाखाली ओला करून त्यात फुलं बांधून न्यायचे. अमरावतीला वहिनी वास घेऊन वर्णन करायच्या, ते ऐकायचे. त्या दिवशी फुलं बांधलेला रुमाल आमच्या टेबलावरच राहिला. फोन केला तर म्हणाले, “राहू द्या, पुढच्या खेपेले नेईन.”

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी झाडावरची होती तेवढी फुलं नेली. वंदनेच्या वेळी ती बुद्धमूर्तीपुढे आणि त्यांच्या फोटोपुढे ठेवली. खोलीभर वास होता आणि कोणी ‘कशासारखा’ म्हणून विचारत नव्हतं. त्याचंच चुकल्यासारखं वाटलं.

परवा मंगलाने तो रुमाल सोडला. फुलं वाळून तपकिरी झाली होती. तिने हुंगला आणि माझ्याकडे दिला. वाळल्या चाफ्याचा जडसर वास होता, कपड्याच्या साबणाचा होता, बसच्या प्रवासाचाही थोडा होता. तिने विचारलं, “कशासारखा येतो?”

“सुधाकरभाऊंसारखा,” मी म्हणालो.

इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा उत्तर सुचलं होतं. पण त्यांनी तेही बाद केलं असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. “हे काय उत्तर झालं का, जवाईबुवा? मी कसा, हे मले कसं ठाऊक असन?”